मधल्या खुर्चीचं तिकीट

नाटक बघायला लातूरला गेलो होतो, असं परत आल्यावर आमच्या कुडाळच्या वाचनालयात सांगितलं, तेव्हा चौघांनी पेपरातून डोकी वर काढली. कोकणातला माणूस नाटकासाठी मुंबईला जातो, फार तर कोल्हापूरला. लातूर म्हटलं की आमच्या लोकांना तुरीची डाळ आठवते. त्यातून तिकडे पाऊस हुकलेला, तोही सलग दुसऱ्या वर्षी. "प्यायला पाणी तरी मिळालं का?" एकाने विचारलं. पाणी मिळालं, नाटकही मिळालं. या दोन गोष्टींचा तिकडे एकमेकींशी काय संबंध आहे, ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

जाण्याचं कारण माझी धाकटी बहीण कुसुम. लातूर नुकताच उस्मानाबादेतून वेगळा निघून जिल्हा झाला होता, नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, आणि तिच्या नवऱ्याची, वसंतरावांची, तिथे बदली झाली. कुसुमला नाटकाचं वेड लहानपणापासूनचं. देवळापुढच्या जत्रेत दशावतार असला की मी अर्ध्यात झोपून जायचो. ती टक्क जागी. घरी परतताना वाटेत ती मला राहिलेला सगळा खेळ करून दाखवायची, राक्षसाच्या पावलांसकट. तिच्या एका पत्रात ओळ होती, 'दादा, इथे नाटकं पुष्कळ येतात, पण दोन वर्षांत मी एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलेलं नाही.' का, ते लिहिलं नव्हतं. मी शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि उपदेश करायला घरात कोणी उरलं नव्हतं. ठरवलं की आपण जायचं, आणि हिला एक नाटक पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत दाखवूनच परत यायचं.

लातूर

पहिल्याच सकाळी नाक कापून घेतलं. आंघोळीला गेलो तर मोरीत पाटाऐवजी मोठं घमेलं ठेवलेलं. त्यात बसायचं आणि अर्ध्या बादलीत उरकायचं. उरकलं कसंबसं, आणि पाहुण्याने घाण ठेवू नये म्हणून घमेलं मोरीत ओतून, विसळून, पालथं घालून बाहेर आलो. कुसुम स्वयंपाकघरात होती. पाणी गेल्याचा आवाज तिने ऐकला असणार.

"दादा, ते संडासला ठेवायचं होतं," एवढंच म्हणाली.

आमच्या घरच्या विहिरीला वैशाखातसुद्धा कोणी दोर किती गेला ते बघत नाही. इथे तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांच्या पाण्यात फरशी आणि फरशीचं पाणी दारातल्या एका तुळशीला. नळ आठ दिवसांनी येतो. वार ठरलेला आहे, पण तो वार नळाला कोणी सांगितलेला नाही. कधी आदल्या दिवशी येतो, कधी नंतरच्या. आला की तास-दीड तास, आणि तेवढ्यात घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यायचं. वसंतराव टँकरच्या देखरेखीवर खेड्यांत फिरतीवर, मुलगा शिकायला पुण्याला, म्हणजे नळाला कुसुम एकटी.

"म्हणून नाटक अर्धं राहतं?" मी विचारलं.

"नाटकात नळ येतो," ती म्हणाली. "उद्या रशीदभाईंकडे जाऊ तिकिटाला. त्यांची जरा रीत आहे."

तिकिटाला कसली आलीय रीत, असं मी मनात म्हटलं, आणि ती गिरणीत ज्वारी दळायला गेल्यावर एकटाच बाहेर पडलो. तिला एकदम तिकिटं हातात देऊन चकित करायचं होतं.

गाव बघत गेलो आणि खरं सांगतो, आवडलं. दुष्काळात गाव मरगळलेलं असेल अशी माझी समजूत. इथे जो तो नव्या जिल्ह्याच्या आनंदात. 'जिल्हा' हा शब्द जागोजाग ताज्या रंगात. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरलेल्या, एका पाटीखाली जुन्या घरमालकाचं नाव अजून वाचता येत होतं. एका चहावाल्याने आपल्या पाटीवर 'जिल्हा स्पेशल चहा' लिहून घेतलं होतं. त्याला विचारलं, स्पेशल काय? म्हणाला, "आदी तालुक्याचा हुता." पाण्याचा ग्लास पुढे करण्याआधी त्याने "पूर्ण पायजे का अर्धा?" असं विचारलं. मी अर्धा सांगितला तर त्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. घमेल्याची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

रशीदभाईंचं दुकान घड्याळदुरुस्तीचं. काउंटरच्या काचेखाली नाटकाचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचे चौकोन आखलेला कागद, त्यावर लाल-निळ्या पेन्सिलीच्या फुल्या. मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या ओळी आणि प्रत्येक खिळ्याला चिठ्ठी बांधलेली किल्ली. हे कुलपंही दुरुस्त करत असावेत असं वाटलं. रशीदभाई साठीचे, पांढरी टोपी, एका डोळ्याला घड्याळजींचं भिंग. ते भिंग न काढताच ते गिऱ्हाइकाकडे बघत. माझ्यापुढे डोक्याला भलामोठा रुमाल बांधलेले एक गृहस्थ होते. आपण ज्याला फेटा म्हणू त्याला इकडे रुमाल म्हणतात.

"मामा, तुमी भिंतीकडची घ्या," रशीदभाई त्यांना म्हणाले. "मधी बसलाव तर मागच्याला तुमचा रुमालच दिसंल, नाटक न्हाई."

"आन् उठायचं?"

"या बारीला तुमी बसायचं. उठायला तुमच्या गल्लीचे दुसरे हायेत. चावी तेवढी आनून द्या."

मला यातलं काही कळलं नाही आणि विचारायचंही सुचलं नाही. मी भिंतीवरच्या जाहिराती बघत होतो. त्या आठवड्यात तीन नाटकं होती. एक विनोदी, एक संगीत, आणि एक दोघा भावांचं, ज्यांनी घराच्या मधोमध भिंत घातली आहे आणि बारा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कोणतं घ्यावं, असं रशीदभाईंनाच विचारलं.

"हसायचं असंल तर हे," ते म्हणाले, "गानं ऐकायचं असंल तर ते. आन् घरी गेल्यावर बी डोक्यातून जाऊ नये असं पायजे असंल तर हे भिंतीवालं. लोक तरी असंच सांगतेत."

भिंतीवालं घेतलं.

"गल्ली कोन्ती तुमची?"

आता आमच्याकडची एक खोड सांगितली पाहिजे. कोकणातल्या माणसाला वाटेत कोणी 'कुठे निघालात?' विचारलं तर तो 'इथेच, जरा पुढे' म्हणतो. मग तो मुंबईला निघालेला का असेना. अनोळखी माणसाला घरचं काही सांगायचं नाही, हे आम्ही दुधाबरोबर पितो. त्यामुळे मी म्हणालो, "मी कुडाळचा."

"इथं कुनाकडं उतरलाव?"

"आहेत आमची माणसं."

"त्यांच्या नळाचा वार?"

मला वाटलं, चांगल्या खुर्च्या कोणासाठी तरी मागे ठेवायच्या आहेत, म्हणून हा फाटे फोडतो आहे. "नळाशी मला काय करायचंय?" मी म्हणालो. "मला पुढच्या रांगेत मधल्या दोन खुर्च्या हव्यात. कडेच्या नकोत."

रशीदभाईंनी भिंग काढलं आणि मोकळं हसले. "पाव्हनं हाव होय. मंग आदी बोलायचं की. पाव्हन्याला मधलीच. पाव्हन्याला नळ न्हाई." आणि तिसऱ्या रांगेत बरोब्बर मधे दोन फुल्या मारल्या. दुसऱ्या रांगेतल्या एका चौकोनात फुलीऐवजी गोल काढलेला दिसला. ती का देत नाही, विचारलं.

"ती बसनाराची हाय. दिलेली हाय."

असेल कोणी साहेब, मी मनात म्हटलं. नवा जिल्हा झाला की नवे साहेब आलेच. तिकिटं खिशात घालून मी छाती काढून बाहेर पडलो.

भिंतीचं नाटक

प्रयोग दुसऱ्याच दिवशी, वीजकपातीमुळे दुपारी चारला होता. तिकिटांचं मी बघितलंय, एवढंच कुसुमला सांगितलं होतं. निघताना कुसुमने चुरमुऱ्यांची सुशीला केली होती. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकायचे, वरून दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. आमच्या कांदेपोह्यांची ही हलकी बहीण मला इतकी आवडली की दुसऱ्यांदा घेतली, आणि त्यात उशीर झाला. वाटेत मी ऐटीत तिकिटं काढून दाखवली. ती आकडे बघून चालायची थांबली.

"रशीदभाईंनी ही दिली?"

"दिली नाहीत, मागून घेतली."

"माझं नाव सांगितलं होतंस?"

"नाव कशाला सांगायचं?"

ती काही बोलणार होती, पण माझ्या तोंडाकडे बघून तिने तिकिटं परत माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "नळाचा दिवस उद्याचा आहे म्हणा. चल, तिसरी घंटा होईल."

आम्ही आत शिरलो ती घंटेबरोबरच. हॉल साधा, लाकडी खुर्च्यांचा, पण इतका नीट बसवलेला प्रेक्षक मी कुठे पाहिला नव्हता. रुमालवाले सगळे भिंतीकडेने. तान्ही मुलं घेतलेल्या बाया दारांजवळ, म्हणजे पोर रडलं की दोन पावलांत बाहेर. कमी ऐकू येणारे म्हातारे पहिल्या रांगेत. आमच्याकडे जत्रेत जो आधी चटई टाकील त्याची जागा. मग पुढच्याचं मुंडासं आणि मागच्याच्या शिव्या रात्रभर. इथे कोणीतरी एकेका माणसाचा विचार करून त्याला बसवलं होतं. दुसऱ्या रांगेतली ती गोलाची खुर्ची मात्र रिकामी होती.

"बघ," मी कुसुमच्या कानाशी लागलो, "साहेब आलेच नाहीत."

ती जराशी हसली.

नाटकाचं नाव मी सांगणार नाही. तुमच्या गावी आलं तर मजा जायला नको. पण पहिल्या पाच मिनिटांत हॉल मुठीत आला. रंगमंचाच्या मधोमध खरीखुरी वाटणारी भिंत, इकडे थोरला, तिकडे धाकटा, आणि आपल्याला दोघंही दिसतात. कुसुम पुढे झुकून बसली होती, जत्रेत बसायची तशी. तिसऱ्या अंकात धाकटा तापाने फणफणलेला, घरात कोणी नाही, आणि भिंतीपलीकडून थोरल्याला त्याचं कण्हणं ऐकू येतं. थोरला उठतो. कोपऱ्यातली कुदळ घेतो. आता तो भिंत पाडणार, की बारा वर्षांच्या रागाने भलतंच काही करणार, ते कळत नाही. त्याने कुदळ डोक्यावर उचलली.

आणि डावीकडच्या खुर्च्यांवर टॉर्च दोनदा उघडमीट झाली. तिथल्या कडेच्या चार खुर्च्यांवरची माणसं, दोन बाप्ये आणि दोन बाया, उठून बाहेर गेली. आवाज म्हणून नाही. मी थक्क होऊन बघतो आहे तोवर टॉर्च आमच्या रांगेच्या टोकाशी आली.

"कुसुमबाई?" रशीदभाईंचा दबका आवाज. "तुमी इथं कशा? तुमच्या गल्लीला नळ आलाय. चावी?"

"माझ्याजवळ," कुसुम म्हणाली.

"उठनारे तर गेले की हो."

कुसुम उठली. मीही अर्धवट उठलो. "तू बस, दादा," ती म्हणाली. "शेवट बघून ये." मधल्या खुर्चीवरून बाहेर पडायचं म्हणजे अकरा जणांचे गुडघे ओलांडायचे. सगळी रांग उभी राहिली, मागचे माना वाकड्या करू लागले. तो थोरला नट मराठवाड्यात मुरलेला असावा. ती दाराबाहेर जाईपर्यंत तो कुदळ तशीच डोक्यावर धरून उभा राहिला. मग कुदळ खाली आली.

आणि मी बसून राहिलो. बहीण पाणी भरायला गेली आणि ज्याने तिला नाटक दाखवायला आणलं होतं, त्याने शेवट पाहिला. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या की नाही, आठवत नाही.

घरी आलो तर कुसुम पदर खोचून ओल्या पायांनी पायरीवर बसलेली. अर्धीच भांडी भरली होती. कुठेतरी पाइप फुटला म्हणून पाणी मधेच बंद झालं, राहिलेलं दोन-तीन दिवसांत कधीही सोडतील असं कळलं होतं.

"कुसुम, तो शेवट..."

"सांगू नकोस," ती म्हणाली. "बाकी काहीही सांग."

मग तिनेच सांगितलं. प्रत्येक प्रयोगाला रशीदभाई एकेका गल्लीची माणसं एकत्र बसवतात. त्यातले चौघं 'उठणारे', त्यांच्या खुर्च्या कडेला. बाकीचे 'बसणारे'. बसणाऱ्यांनी घराची किल्ली आधी रशीदभाईंकडे द्यायची. नाटकात नळ आला की उठणारे त्या किल्ल्या घेऊन जातात आणि स्वतःबरोबर बसणाऱ्यांच्या घरचंही पाणी भरतात. पुढच्या नाटकाला पाळ्या बदलतात. कुसुम तर घरात एकटीच, म्हणून तिने आपणहून तीन नाटकांना उठण्याची पाळी घेतली होती. त्याच्या आधी अशी रीतच नव्हती, तेव्हा सगळेच उठत.

"ही माझी बसायची पाळी होती," ती म्हणाली. "दुसऱ्या रांगेतली रिकामी खुर्ची माझी होती, दादा."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी दोन्ही हात दाखवून करून घेतलं होतं. त्या संध्याकाळी भाकरी आणि ठेचा समोर आला आणि मी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलो. ठेचा तिखट होता, पण ते कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाईंच्या दुकानात जाऊन, मी कोण, कोणाचा भाऊ, कोणत्या गल्लीत उतरलो, सगळं न विचारता सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"हे त्या दिशी बोलला असताव तर," ते म्हणाले. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा सांगितला. मी विचारलं, हे पाळ्यांचं डोक्यात कसं आलं?

"पैल्या उन्हाळ्यात असंच नाटक रंगलं हुतं. दारातून कुनी तरी वरडलं, नळ आला. अर्धा हॉल पळाला बगा. एक बाई पडली, पाय मोडला तिचा. आन् वर तो नट एकटाच उभा. हातात तलवार, तोंडात वाक्य, आन् समोर रिकाम्या खुर्च्या." त्यांनी घड्याळाचं झाकण लावलं. "त्याचं तोंड मला बगवलं न्हाई. मंग नळवाल्याला सांगितलं, बाबा, वरडू नको, सायकल घेऊन मला दाराशी येऊन गल्ली सांग. पुडचं मी बगतो."

"ते कुदळीचं तुम्ही किती वेळा पाहिलं असेल मग."

"मला नका इचारू. मी दाराशी. नळवाला शेवटालाच येतो."

मग त्यांनी आपणहून सांगितलं की तीच कंपनी परवा नांदेडला आहे, सकाळी साडेअकराचा प्रयोग. तिथे तिकिटं विकणारे पुस्तकवाले त्यांचे दोस्त. त्यांनी घड्याळाच्या पावतीच्या पाठीवर उर्दूत दोन ओळी लिहून दिल्या. "जावा बाईला घेऊन. आन् चावी इथं ठेवा. पानी सुटलं तर आमी बगतो. फिकर नको."

कुसुमला राजी करायला सगळी दुपार गेली. घर दोन दिवस कुलूप लावून सोडायचं, तेही नळ कधीही येईल अशा वेळी, हे तिला जिवावर आलं होतं. शेवटी तिने स्वतः जाऊन किल्ली दिली. रशीदभाईंनी ती खिळ्याला अडकवली, आणि कुसुम दुकानाबाहेर पडताना दोनदा मागे वळून त्या खिळ्याकडे बघत होती.

नांदेड

अहमदपूरच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा गरम भजी खाल्ली. बाकी प्रवासात बघण्यासारखं म्हणजे करपलेली रानं आणि टँकरमागची धूळ, त्याचं वर्णन नको. नांदेडला उतरलो आणि कुसुमने पहिल्यांदा विचारलं ते, "गोदावरी कुठे आहे?" पाणी आटून काठापासून लांब गेलं होतं, तरी होतं. ती घोट्याएवढ्या पाण्यात साडी सावरून उभी राहिली, किती वेळ ते मी बघितलं नाही. मला घरची विहीर आठवली आणि उगाच अपराध्यासारखं वाटलं.

जेवलो गुरुद्वाऱ्यात लंगरला. कोण कुठला, कोणी विचारलं नाही. पंगतीत बसवलं, रोटी दोन्ही हातांत घ्यायला लावली आणि दाल वाढली. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना 'आणखी हवंय का?' असा प्रश्न असतो. इथे प्रश्न नव्हता, वाढणंच होतं. राहायलाही तिथेच यात्रेकरूंची खोली मिळाली. खोलीतल्या नळाला पाणी होतं. कुसुमने तोटी उघडली, धार बघून लगेच बंद केली, आणि मग खोलीतली बादली, तांब्या, दोन पेले भरून, झाकून, ओळीने लावून ठेवले.

"एक रात्र तर राहायचंय गो," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली.

पुस्तकवाले गावातल्याच वजिराबाद भागात सापडले. तोंडात पान, बोलण्यात तेलुगू झाक. त्यांनी आधी हातच झटकले. "भिंतीवालं संपलं, सर. हौसफुल्ल हाय. दुसऱ्या हॉलला विनोदी हाय, एकदम नामी, पुढच्या रांगा मोकळ्या हायेत. देऊ दोन?"

मला तर ते चाललं असतं. एका नाटकाचा शेवट दोनदा बघण्यापेक्षा विनोदी काय वाईट? मी कुसुमकडे पाहिलं. ती भिंतीवाल्या नाटकाच्या जाहिरातीकडे बघत होती. तेव्हा रशीदभाईंची चिठ्ठी पुढे केली. पुस्तकवाल्यांनी ती वाचली, पान एका गालातून दुसऱ्यात नेलं, आणि कुसुमला विचारलं, "उठायचं न्हाई म्हणे तुमाला?"

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"लिहिलंय की, या बाईला उठायचं नाही. मधली दे." त्यांनी खण उघडून एक तिकीट काढलं. "घरच्यासाठी ठेवलं हुतं. बायकोला विनोदी दावतो, तिला बरंच वाटंल. पर एकच हाय, सर. तुमी मागं भिंतीला टेकून उभं राहणार का?"

"राहतो," मी म्हणालो. इतक्या पटकन मी कधी काही कबूल केलेलं नाही.

प्रयोगाआधी स्टेशनाजवळच्या खानावळीत गरमागरम तहरी खाल्ली, हळदीचा पिवळाधम्मक मसालेभात, सोबत दही. कुसुमने पोटभर खाल्लं. हॉलमधे ती मधल्या खुर्चीवर, चौथ्या रांगेत. मी सगळ्यांत मागे उभा. नाटक मला पाठ होतं, म्हणून मी तिच्या पाठीकडे बघत होतो. दुसऱ्या अंकात एका उशिरा आलेल्याला जागा दाखवायला टॉर्च लागली, आणि कुसुमचा हात झटकन पर्सकडे गेला. किल्ली तिथे नव्हती. ती लातूरला खिळ्यावर होती. हात थोडा वेळ पर्सवर राहिला आणि मग परत मांडीवर आला.

तिसरा अंक. कण्हणं. थोरला उठला, त्याने कुदळ घेतली, डोक्यावर उचलली. या वेळी त्याला कोणासाठी थांबावं लागलं नाही. कुदळ खाली आली. कुसुमचे खांदे हलले, आणि मी चष्मा पुसायला खाली बघितलं, त्यामुळे शेवट मी दुसऱ्यांदा पाहिलाच नाही. पडदा पडला, दिवे लागले, लोक उठले. सगळा हॉल रिकामा झाला तरी ती मधल्या खुर्चीवर बसून होती. मी जवळ गेलो.

"दादा," ती म्हणाली, "बस जरा. उठायची घाई नाही ना आता?"

परत

लातूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीत वळलो तर आमच्या घराचं दार उघडं. कुसुम पळतच सुटली. पाणी दीड-दोन तासांपूर्वीच सुटलं होतं. माठ, कळशी, पिंप, पातेली, तिच्या मुलाचा लहानपणचा डबासुद्धा, सगळं काठोकाठ भरून फडक्यांनी झाकलेलं. माझ्या आंघोळीचं ते घमेलंही भरलेलं होतं. शेजारच्या दोन बाया, ते रुमालवाले मामा आणि रशीदभाई अंगणात उभे. रशीदभाईंनी दुकान बंद करून स्वतः किल्ली आणली होती.

कुसुम आभार मानायला पुढे झाली, पण तिच्या आधी रशीदभाईंनीच विषय काढला. घसा खाकरून, जरा लाजत, त्यांनी विचारलं, "बाई, त्या कुदळीचं पुडं काय झालं?"

"तुमी बी पायलं न्हाई?" शेजारीण म्हणाली.

"मी तर दाराशी. तुमी समद्या उठलाव का, ते बगायला."

मग कळलं की अंगणात थांबलेल्या त्या चौघांपैकी एकानेही तो शेवट पाहिलेला नव्हता. बायांची ती उठायची पाळी होती, आणि मामांना पाणी सुटल्याचं कळल्यावर राहवलं नव्हतं. कुसुमने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. जत्रेहून परतताना वाटेत थांबून ती असंच बघायची. ती आत गेली, मुसळ घेऊन बाहेर आली आणि पदर खोचला.

रशीदभाईंनी ताबडतोब सूत्रं हातात घेतली. "मामा, तुमचा रुमाल घेऊन भिंतीकडं व्हा. तुमी दोगी पायरीवर. मास्तर, तुमी तिकडं, तुळशीच्या अंगाला." सगळ्यांना लावून झाल्यावर ते सवयीने दारात जाऊन उभे राहिले, अर्धं लक्ष गल्लीत.

"रशीदभाई," कुसुम म्हणाली, "आज बसायची पाळी तुमची. मधे या."

"मी इथं बराय."

"मधे या म्हणते ना."

ते अंगणाच्या मधोमध आले. टेकायला पालथं घालावं म्हणून एखादी बादली, एखादी कळशी शोधू लागले. त्या घरात एकही भांडं रिकामं नव्हतं. तेव्हा रशीदभाईंनी टोपी सारखी केली, खाली फरशीवर मांडी घातली, आणि कुसुमने मुसळ डोक्यावर उचललं.